नान कुणी टाकत नाही

प्रिय मोहिरा,

वरचा शब्द खोडला होता, परत लिहिला. तुला नको असेल तर तो वगळ, पण पुढचं नीट वाच. ते तुझ्या कोंबड्यांबद्दल आहे. काल खुराड्यापाशी तू जे बोललीस त्यानंतर तुमच्या अंगणात पाय ठेवायचा नाही असं ठरवलंय, म्हणून कागदावर सांगतो.

तू म्हणालीस, "कोंबड्यांना धाप लागलीय आणि जसूरला पोटदुखी. आधी स्वतःचं औषध बघ बाबा." तुझ्या आई, सालिहामावशी, डोक्यावरच्या रुमालात तोंड घालून हसल्या. इल्होम तर एवढा हसला की हातातलं धुपाटणं हिंदकळून निखारे सांडले. मी फाटक आपटून निघून गेलो. त्याची बिजागरी निखळली असेल, तर माझ्या भावाला पाठवतो.

पोटदुखी आहे, नाही कशाला म्हणू? इल्होम नानची भट्टी विझवून रोज संध्याकाळी तुमच्याकडे येतो, अंगाला ताज्या नानचा वास, खिशात कोंबड्यांसाठी लसूण. तू त्याच्यासाठी खरबूज कापतेस. मी गच्चीवर वाळत घातलेले जर्दाळू उलटत असतो आणि मला सगळं दिसतं. जर्दाळू केव्हाच वाळलेत, तरी उलटतो. तू त्याला 'इल्होम-अका' म्हणतेस. माझी बहीण म्हणते, अका म्हणजे दादा, तू कशाला जळतोस? अगं, आमची आई बाबांनाही अकाच म्हणते!

समरकंदला शिकायला निघालो तेव्हा तू फडक्यात अंडी उकडून दिली होतीस, आता धापणाऱ्या त्या तुझ्या तांबड्या कोंबडीची. बाकीची गाडीत खाल्ली. एक ठेवलं. कशासाठी ठेवलं ते मलाही सांगता येत नव्हतं. वास सुटला म्हणून खोलीतल्या मुलाने ते फेकलं आणि मी त्याच्या नाकावर ठोसा मारला. आपल्या सगळ्या मर्गिलानला वाटतं की मी मास्तरांशी भांडून पशुवैद्यकी सोडली. तसं नव्हतं. त्या ठोशाबद्दल माफी मागून मी शिकत राहिलो असतो. पण त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला: इल्होम तुमच्या कोंबड्यांसाठी पोती आणून टाकतो, सालिहामावशी त्याचं नाव घेतल्याशिवाय घास गिळत नाहीत. मी ट्रंक भरली.

तर ती पोती. काल तुम्ही मला हसलात त्याआधी मी खुराड्यामागच्या पोत्यात हात घातला होता. हात बाहेर आला तो राखेसारख्या हिरवट भुकटीने माखून. न खपलेली नान, पावसात भिजलेली, एकमेकींना चिकटलेली. इल्होमला दोष देत नाही (हे लिहिताना बोटं दुखताहेत). नान कुणी टाकत नाही. रस्त्यात तुकडा दिसला तर आपण उचलून उंचावर ठेवतो, मग पोतंभर नान कोण उकिरड्यावर नेईल? तो पुण्याचं काम समजून आणतो. मावशी पुण्याचं काम समजून वरची बुरशी खरवडतात, उरलेली भिजवून घालतात. पण वरून खरवडलं तरी आत मुळं शिरलेली असतात, मोहिरा. आणि जी भुकटी उडते ती श्वासातून आत जाते.

तुझी तांबडी मान ताणून, चोच उघडून श्वास घेते, पण घरघर ऐकू येत नाही. ऐकलंस का कधी? सर्दी असती तर घरघरली असती. आवाज नसलेली ही धाप बुरशीची. वर्गात मी खिडकीबाहेर बघायचो, पण त्या दिवशी फळ्याकडे बघत होतो.

लसणाचं पाणी देत राहा, त्याने बिघडत काही नाही. नजर उतरवायला धुपाटण्यात जाळता तो इसिरिकच्या पाल्याचा धूर मात्र आजच बंद कर. नजर लागली असेल तर ती तुझ्या दाराची काढ. कोंडलेल्या खुराड्यात धूर म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणं. ओला पेंढा सगळा काढ. काढताना नाकातोंडाला फडकं बांध आणि वरून थोडं पाणी शिंपड, म्हणजे भुकटी उडणार नाही. तो जाळून टाक. भिंती आंबट सिरक्याने पूस, वाळल्या की चुना मार, वरच्या बाजूला एक फळी काढून वारा येऊ दे. खाली कोरडा लाकडाचा भुसा घाल. कोरडे गहू घाल, पाण्याचं भांडं रोज घास. धापणाऱ्या वेगळ्या ठेव. त्यातल्या सगळ्या वाचतील असं मी म्हणत नाही, आत बसलेल्या बुरशीला मुळीच औषध नाही. बाकीच्या वाचतील. आणि नानचं म्हणशील तर तुतीच्या मुळाशी खोल खड्डा करून त्यात ठेवा, जिथे कुणाचा पाय पडणार नाही. मावशींना सांग, मातीला दिलेली नान टाकलेली होत नाही.

तू म्हणशील, हा जळतो म्हणून इल्होमच्या पोत्यावर आळ घेतोय. जळतो मी. पण मी जळतो म्हणून त्या नानवर बुरशी नाही, असं होत नाही ना? माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पोत्यात हात घालून बघ.

आता खरं काय ते. रविवारी इल्होमकडची वडीलमंडळी तुमच्या घरी येऊन नान मोडून लग्न पक्कं करणार आहेत, हे मला न्हाव्याने सांगितलं, अर्धी दाढी झालेली असताना. तसाच उठलो. एकदा मोडलेली नान जोडता येत नाही, म्हणून त्याआधी लिहितोय. औषध मुद्दाम आधी लिहिलं, म्हणजे राग आला तर इथून खालचा कागद फाडून टाकता येईल. कोंबड्या बऱ्या झाल्या तर श्रेय खुशाल त्याला दे. मात्र शुक्रवारी माझी आई तुमच्याकडे येणार आहे, काम काय ते मावशींना तिच्या मागणीसाठी बांधलेल्या नव्या रुमालावरूनच कळेल. चहा तू आणून दे. तिचा पियाला काठोकाठ भरलास तर 'आता निघा' म्हणायची आपली रीत ओळखून ती उठेल, तुला एक अक्षर बोलावं लागणार नाही, आणि मी पुन्हा गच्चीवर दिसणार नाही. अर्धाच भरलास, तर तो लगेच संपेल, आणि पुन्हा भरायला तुला यावंच लागेल.

तुझाच, तू हो म्हणालीस तरी, नाही म्हणालीस तरी,
जसूर