दूद कुटं गेलं

अप्पा, तुमचा आवाज हरवला, आणि त्यात शत्रूराष्ट्राचा काही हात नाही. हे आधी सांगतो, कारण गेल्या महिन्यात आपल्याच सोलापुरात, ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत, मी तासभर याच्या उलट बोलत होतो. विषय सायबर युद्ध. संगणकाचं माझं ज्ञान विजेचं बिल भरण्यापुरतं. पण सीमेवर तणाव होता, टीव्हीवर रोज चर्चा पेटत होत्या, आणि संस्कृतच्या प्राध्यापकाला कुठलंच अस्त्र वर्ज्य नसतं. मी मोहनास्त्र काढलं, मायायुद्ध काढलं. एक चित्रफीत उघडली की फोन हातात फुटेल, कुणी दूरदेशी कळ दाबली की धरणाचे दरवाजे उघडतील. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या अव्वानं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. आईच ती माझी, ऐकत होती.

शाळेत वक्तृत्वाची ढाल जिंकून मी घरी पळत आलो होतो, तो दिवस आठवतो. तुम्ही स्वयंपाकघरात शेंगाचटणी कुटत होतात. वर न बघताच म्हणालात, "जिंकलास ते कळलं. तुला काय कळलं?" मग सत्यासाठी करतात तो वाद आणि जिंकण्यासाठी करतात तो जल्प, हा भेद तुम्ही उखळाच्या ठेक्यावर समजावलात. पुढे तोच भेद मी वर्गात जन्मभर शिकवला, तुमच्यापेक्षा सफाईनं. सभेत एका म्हातारीनं विचारलं, "सर, मग आमी नेमकं करायचं काय?" मी म्हणालो, सावध राहा. जल्पाला एवढं पुरतं.

खरं उत्तर मला ठाऊक होतं. सभेच्या आधीच ते शिकलो होतो. "तुमची विद्वत्ता पुरस्कारासाठी निवडली आहे, फोनवर आलेला कोड कळवा," असा मला निरोप आला. माझी विद्वत्ता कुणाला तरी दिसली या आनंदात मी तो कळवला, आणि माझं ईमेलचं खातं कुणीतरी उचलून नेलं. त्यातच तुमचं संध्याकाळचं स्तोत्र होतं. तुमच्या शेवटच्या वर्षात अव्वानं तुमच्या आवाजात आपल्या फोनमध्ये टिपून ठेवलेलं, त्याची माझ्याकडची प्रत. कोड कुणाला देऊ नका, जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा, एवढंच सांगायचं होतं. पण या गोष्टीत अस्त्र नव्हतं आणि मूर्ख मी होतो, म्हणून ती भाषणातून गाळली.

नंतर एका संध्याकाळी अव्वाच्या फोनवर कुठलीशी चित्रफीत आली. ज्या गावात नळाची वाट बघत दिवस काढतात, तिथं तिनं भरल्या पिंपात फोन बुडवला. मी ओरडलो, तर शांतपणे म्हणते, "फुटंल म्हनून तूच म्हनलास की. आग लागायच्या आत पानी दावलं." दुरुस्तीवाला म्हणाला, यातलं आता काही परत मिळणार नाही. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "असू दे. ह्यांचं स्तोत्र तुज्याकडं हाय की."

मी म्हणालो, "आहे."

तुम्हाला माहीत नसेल, तुमच्यानंतर ती रोज दिवा लावून ते ऐकायची. आता मला मागू लागली. दोन-तीनदा टाळलं. मग दार लावून मी ते तुमच्या आवाजात माझ्याच फोनमध्ये म्हणून घेतलं. तुमचा खर्ज, विसर्गावरचा तुमचा झटका, मधे तुमचा खोकलासुद्धा. बनावट आवाजांवर टीव्हीवाले घसे फोडतात, त्याला म्हणे मोठी यंत्रं लागतात. माझं लाज सोडून भागलं.

अव्वानं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "दूद कुटं गेलं?"

मला कळेना. तीच सांगू लागली. दुसरा श्लोक संपला की तुम्ही थांबता, कन्नडमध्ये तिला म्हणता, दूध उतू चाललंय, गॅस बंद कर. आणि मग पुढचा श्लोक धरता. "रोज तितं मला हसू यायचं," ती म्हणाली. मग उठली, दिव्यात तेल घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगलं म्हनलास तू."

तू, म्हणाली.

त्यावर ती काही बोललेली नाही, मीही नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही उलट प्रश्न विचारणार नाही आणि पत्र कुठं टाकायचंही नाही. तिला एवढं तरी सांगायला हवं होतं, की ती प्रत माझ्याकडे इतकी वर्षं होती आणि दरवेळी मी पहिल्या श्लोकानंतर बंद करायचो. पुढचं मला पाठ होतं.