फराट्यांचा ग्लॅडिओलस

लातूर, २० जुलै १९८२
उमललं! भावानं पुण्याहून आणलेल्या ग्लॅडिओलसच्या कंदांत लाल होते, गुलाबी होते. हे गुलाबीच, पण पाकळ्यांवर पांढरे फराटे— कुणी कुंचला झटकावा तसे! सासूबाई पाट घेऊन समोरच बसल्या. "लई देखणं हाय गं शिवकांता. ह्याचे कंद जपून ठेव."
हे गेल्यापासून तीन वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या.
पाऊस नाही. नळ चौथ्या दिवशी येतो. भांड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी— सगळं वाफ्याला. शेजारीण म्हणते, "माणसाला न्हाई अन् फुलाला!" म्हणू दे.

२४ जुलै
नवीन जिल्ह्याच्या समारंभाला स्टेजवर आमची फुलं हवीत! कचेरीतले लोक दारात येऊन सांगून गेले. सासूबाईंनी गल्लीभर करून टाकलं.

२७ जुलै
शेजाऱ्यांकडे परभणीच्या कृषी विद्यापीठातले मन्मथ सर आले होते. फुलझाडांचे रोग हाच त्यांचा विषय. त्यांना वाफा दाखवला. फराटे पाहून चेहराच पडला त्यांचा.
"हा रोग आहे, ताई. विषाणू. मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. उपटून जाळा."
सासूबाई उसळल्या— "देखण्याला रोग म्हणता व्हय!"

२८ जुलै
उपटलं. जाळलं. रडले. सासूबाई बोलत नाहीत.

४ ऑगस्ट
उरलेल्या गुलाबींच्या पानांवरही चट्टे! सगळे काढले. समारंभाचं काय? पण लाल— मावा अंगभर, आणि पान स्वच्छ! सर पुन्हा आले. भिंग लावून कितीतरी वेळ बघत होते. "ही जात रोगाला दाद देत नसावी." नसावी, म्हणे! दोन लाल झाडं कुंडीत घालून परभणीला नेली. तिथं मुद्दाम रोग लावून बघणार.

१६ ऑगस्ट
लातूर जिल्हा झाला! फटाके, ताशे, गर्दीच गर्दी. कचेरीच्या कामाला आता उस्मानाबाद नको. स्टेजवर आमची लाल फुलं ताठ उभी! सासूबाई इतक्या दिवसांनी बोलल्या— "लाल बी बरं दिसायलंय."

२ ऑक्टोबर
सर आले. रोगट पानांचा रस चोळला, मावा सोडला, तरी लाल झाडं ठणठणीत! मी अंगणात टाळ्याच वाजवल्या. आता तिकडं या कंदांची मोठी लागवड करून बघणार.
एवढी बातमी पोस्टकार्डावर मावली असती. पण आले स्वतः, एसटीनं, इस्त्रीचा शर्ट घालून. सासूबाईंनी चहासोबत सगळं विचारून घेतलं— लिंगायतच आहेत, एकटेच असतात, बायको वारली.

३ ऑक्टोबर
सर निरोप घ्यायला आले. सासूबाई म्हणाल्या, "खरं सांगा सर. फुलासाठी येता का माझ्या सुनेसाठी?"
सरांच्या कपातला चहा सांडला.
"शिवकांता, तू सांग. सरांशी लगीन करशील का?"
दाराआडून मीच म्हणाले— "हाव!"