लखलखीत रुपया

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं ठरवलं. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर मोत्यासारखं हाय असं गुरुजी म्हणायचे. गुरुजी वारले, त्यामुळं आता खोटं पाडायला कुणी नाय.
औरंगपुऱ्यात हेमचंद्र म्हणून जुनी नाणी जमवणारे हायेत. पंधरा तारखेला उस्मानपुऱ्यात त्यांचं प्रदर्शन. नाणं चांगलं असलं की काचेत ठेवतात, खाली मालकाचं नाव. माझ्या देव्हाऱ्यात सासूबाईंनी दिलेला निजामाच्या वक्ताचा चांदीचा रुपया हाय, चारमिनारवाला. अठ्ठेचाळीस वर्सं दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासते, एकदा खाडा नाय. असा लखलखतो की बल्ब नको. म्हणजे काच माझीच. भजनी मंडळात सांगून टाकलं. मनकर्णाबाईचं तोंड कारलं खाल्ल्यावानी झालं.

४ नोव्हेंबर
हेमचंद्रकडं जाऊन आले. भिंगाखाली धरला, बॅटरी आडवी मारून बघितला, सोनाराच्या काट्यावर तोलला. म्हणाले, मावशी, चांदी खरी, पण वजन जरा कमी भरतंय. चारमिनारच्या दारात अक्षर असतं, त्यावरून निजाम कोणता ते कळतं. ते अंधुक दिसतंय, पण साल पार गेलंय. साल नाय तर काच नाय.
मी म्हणलं, साल कशाला पायजे? बाईमाणसाला कुणी वय विचारतं का? हसले. हसून काचेत ठेवलं असतं तर बरं झालं असतं.
साल गेलेल्यांचा डबा वेगळा. बिस्किटाचा, पत्र्याचा. निघताना बजावलं, घरी ह्याला काय लावू नका, पुसू पण नका.
लई शिकलेल्या माणसाला स्वच्छतेचा कंटाळा असतो.

५ नोव्हेंबर, दुपार
साल गेलेलं नाय, दबलंय. वर मळ हाय. चिंच अन् रांगोळी घेऊन तासभर घासला. साल दिसलं नाय. माझं नाक दिसलं.

७ नोव्हेंबर
सूनबाई बोललीच. प्रेरणा म्हणे, आई, त्यांनी पुसू नका म्हणलंय ना? मी म्हणलं, तुझा रुपया कुठंय, तो आण आधी.
सासूबाईंनी मला जोडी दिली होती. एक देव्हाऱ्यात बसवला, दुसरा ट्रंकेत पडून कोळशावानी झाला. प्रेरणा लगीन होऊन आली तेव्हा सुनमुख बघताना तो काळा तिच्या हातावर ठेवला. चांगला कशाला द्यायचा? टिकती का नाय ते बघायला नको? आता अकरा वर्सं झाली. अजून कागदात गुंडाळून कपाटात. घासायचं नाव नाय. माहेरचं वळण, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
टूथपेस्ट लावली. मग लिंबू. मग संडास धुवायचं निळं औषध, थेंबभरच. फेस लई आला. म्हणजे काम चालू हाय.
रात्री उजेडात धरला तर एक मिनार दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१० नोव्हेंबर
चष्मेवाल्याकडं जाऊन आले. नंबर तोच हाय. त्याचं मशीन जुनं असावं.

१२ नोव्हेंबर
फोन केला. म्हणलं, सासूबाईंच्या लग्नाचं साल घाला, रुपया त्याच वक्ताचा. हेमचंद्र म्हणाले, मावशी, तोंडी साल चालत नाय. नाण्यापेक्षा माणूस हट्टी.
प्रेरणा म्हणे, आई, माझा दाखवून येऊ का? म्हणलं, जा की. चारचौघांत लाज निघाली म्हणजे तरी घासशील. मुद्दाम माझा पण तिच्याच हाती पाठवला. शेजारी ठेवले की फरक आंधळ्याला कळंल.
मंडळाच्या बारा बायकांसाठी गाडी सांगून ठेवली. कुणाचा रुपया काचेत, ते डोळ्यांनी बघू द्या.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
बघितला बारा जणींनी.
मधल्या काचेत दिवा लावून काळा रुपया. चारमिनार, चारी मिनार, खाली साल असं ठसठशीत की जणू कालच पाडलंय. कार्डावर प्रेरणाचं नाव. खाली, ‘क्वचित मिळणारे साल. कधीही न घासलेला. सासूबाईंकडून सुनमुखाची भेट.’ ह्या सासूबाई म्हणजे मी, मला नाव नव्हतं होय? मनकर्णाबाईनं सगळं कार्ड मोठ्यानं वाचलं, ‘न घासलेला’ दोनदा. तिला वाचता येतं हे मला आजच कळलं.
माझा कुठंय, विचारलं. दाराजवळ टेबल, वर ताट, पाटी ‘हात लावून बघा’. शाळेच्या पोरांची रांग. हेमचंद्र गोड आवाजात म्हणाले, मावशी, पोरांच्या हातात द्यायला असंच नाणं लागतं. ह्याचं आता आणखी काय बिघडणार?
गाडीत प्रेरणा टोचून बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. घरी आल्यावर चहा ठेवला तिनं, माझ्या कपात जास्त आलं घातलं.
रुपया परत आणलाय. दोनशे पोरांनी हाताळून पार काळा करून टाकला.
चिंच भिजत घातली.