खाडीच्या पाण्याचा वेग

वेळणेश्वर,
डिसेंबर २००१

तीर्थस्वरूप नानास, कुसुमचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनीने गुडघेदुखीवरचं तेल आम्हालाही पाठवलं होतं, ते यांनी केसांना लावलं, त्यामुळे गुणाबद्दल काही कळवता येत नाही. बाकी आम्ही खुशाल. कलमांना मोहोर बरा धरतोय.

शेजारची ऋजुता (अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेली, इथल्या शाळेत गणित शिकवते) मला रोज दुपारी बीजगणित शिकवते. हसू नकोस. नववी झाली आणि माझं लग्न झालं, त्यामुळे ते राहूनच गेलं होतं. वेळ जावा म्हणून घेतलंय, दुसरा काही हेतू नाही. सध्या एकसामयिक समीकरणं चालू आहेत. दोन गोष्टी ठाऊक नसतात, क्ष आणि य. एका समीकरणाला वाटेल तितकी उत्तरं. दुसरं समीकरण आलं की त्यातलं एकच उरतं. ऋजुताने आलेखाच्या कागदावर दोन रेषा ओढल्या, त्या एका ठिपक्यात भेटल्या, तेच उत्तर. मग बेरीज करून एकाला घालवलं, तरी तेच. एकाची किंमत दुसऱ्याच्या जागी ठेवली, तरी तेच. नाना, मी त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसून राहिले. (त्या दिवशीच्या भाताविषयी यांना काही विचारू नकोस.)

पुढे पुस्तकात एक नाव आली. प्रवाहाबरोबर जायला इतका वेळ, उलट यायला इतका, तर पाण्याचा वेग काढा. पाण्याला कुणी हात लावला नाही आणि त्याचा वेग कळणार, हे मला पटेना. म्हणून रविवारी यांना घेऊन अंजनवेलला मालनवन्संकडे गेले आणि त्यांच्या शेजारच्या शिवाची होडी ठरवली. हे घडी न मोडलेला लेंगा घालून आले होते आणि पाण्याला भितात, ते तुला माहीत आहेच. ओहोटी लागली होती. धक्क्यापासून कांदळवनापर्यंत खाली जायला दहा मिनिटं लागली. परत यायला वीस.

"वहिनी, खाडी मोजून काय करणार?" शिवाने विचारलं. धक्क्यावर माणसं जमली. सरकारी मोजणी आहे अशी बातमी उठली, आणि एका म्हातारीने माझ्याकडे पाहून आपली माडाची झाडं आधीच मोजून सांगितली.

मी मांडीवर वही ठेवून दोन समीकरणं लिहिली. अंतराला एक म्हटलं, होडीला क्ष, पाण्याला य. वजाबाकी केली, क्ष गेला. उत्तर आलं, नुसतं पाणी होडीला कांदळवनापर्यंत चाळीस मिनिटांत नेईल.

"वल्ही वर घे," मी शिवाला म्हटलं.

मग कुणी काही केलं नाही. होडी आपली सरकत राहिली. हे काठ घट्ट धरून बसले होते, मग धरायचं विसरले. अठ्ठावीस झाली, पस्तीस झाली. कांदळवनाची पहिली फांदी होडीला घासली तेव्हा चाळीस मिनिटं होत आली होती. नाना, माझ्या अंगावर काटा आला. हे पाणी मी लहानपणापासून बघते. ते असं वहीत येऊन बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

हे हळूच म्हणाले, "हे पाणी तुला विचारून चालतं की काय?"

लेंगा धुतला, पण चिखल गेला नाही. वहिनीला नमस्कार, वैदेहीला आशीर्वाद.

तुझी,
कुसुम

ता. क. : वेळ जावा म्हणून असं वर लिहिलंय ते खरं नाही. मी दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म भरलाय. गुहागरला सगळे ओळखतात, म्हणून रत्नागिरी केंद्र मागितलं. मार्चमध्ये तुझ्याकडे राहीन. यांना अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही. तुझा शब्द ते मोडत नाहीत. एकदा येऊन यांना समजाव.

आणखी ता. क. : नाना, मी दत्तात्रेय. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट चिकटलेलं नव्हतं, वाचलं. मार्चमध्ये दोघांची सोय करा, मी तिला एकटी पाठवणार नाही. पण तुम्ही समजवायला याच. मी थोडा विरोध करीन, मग तुमचं ऐकेन. तिला कळू देऊ नका.