सुलतानचा दुसरा नंबर

मु. लोणी,
माघ महिना, सोमवार सकाळ

आदरणीय व्याही धर्माजीराव यांस लोणीहून हौशीरामचा मनापासून रामराम, आणि विहीणबाई साळुबाईंना आमच्या चिमाबाईचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी चालायला बंदी केली आणि तुम्ही घरी आल्या आल्या काठी टेकत गोठ्यात गेलात, असं विहीणबाई फोनवर सांगत होत्या. पाव्हणं, गुडघा नवा असला तरी तो ज्याला बसवलाय तो माणूस जुनाच आहे, एवढं ध्यानात ठेवा. आता तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो? तर फोनवर माझं एक वाक्य होतं आणि तुमची चार. शिवाय पत्राचा मोठा फायदा असा की वाचणाऱ्याचा चेहरा लिहिणाऱ्याला दिसत नाही (हे आपलं सहज लिहिलं, मनावर घेऊ नका). पत्र आमच्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याकडे देतोय. तुमच्या पारगावला कारखान्यावर त्याचा नंबर लागेपर्यंत तो तसाही रिकामा बसलेला असतो. त्याला चहा पाजा, पण माझ्याविषयी काही विचारू नका. तो वाढवून सांगतो.

सगळ्यात आधी गोड बातमी. तुमच्या लेकीला, आमच्या सूनबाई अक्षदाला काम मिळालं! वारूळवाडीचे ते मोहितशेठ, ज्यांनी द्राक्षबागेत तंबू ठोकून शहरातल्या लोकांना शेतावर राहायला बोलवायचा धंदा काढलाय, त्यांनी त्यांची वेबसाइट करायचं काम तिला दिलं. धर्माजीराव, गेले दोन महिने माझ्या छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं होतं, ते आता उतरलं. काल मी पोटभर मासवडी खाल्ली आणि चिमाबाईने मोजली नाही, यावरून घरातलं वातावरण ओळखा.

जातं कसलं, ते सांगतो. तुमच्या लेकीने मागल्या वर्षी हौसेने माझी स्वतःची साइट करून दिली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जुन्नर-आंबेगावातल्या नावाजलेल्या शर्यतीच्या बैलांच्या हकिकती मी सांगायच्या आणि तिने टाईप करायच्या. सगळ्यात वर तुमचा सुलतान. ज्या साली तुमचा सुलतान आणि आमच्या गावच्या सावळेराम तात्यांचा भिंगऱ्या यांना शर्यतीचा घाट पळायला घड्याळात सारखाच वेळ लागला, आणि पंचांनी दिवस मावळेपर्यंत भांडून सुलतानला पहिला नंबर देऊन घाटाचा राजा ठरवलं, ती हकिकत मी इतकी रंगवून लिहिली आहे की मला स्वतःलाच ती वाचताना भंडारा उधळावासा वाटतो. अडचण एवढीच होती की ती वाचणारा मी एकटाच होतो. गोकुळने चाकणहून एकदा उघडून पाहिली, पण तो बोलून चालून पोटचा पोरगा.

अशात अक्षदाने मोहितशेठकडे काम मागितलं. त्याआधी तिला चार ठिकाणी नकार मिळाला होता आणि ती मनातून खचली होती. मोहितशेठ म्हणाले, साइट काय कुणीबी बनवतं ताई, आणि जाहिरातीला पैसे घातले की माणसंबी येत्यात. तुमच्या सासऱ्यांच्या साइटवर एक रुपाया न घालता गर्दी जमवून दाखवा, मग माझं काम तुमचं. घरी येऊन तिने लॅपटॉप मिटला आणि शांतपणे म्हणाली की हे जमलं नाही तर ती चाकणला पॅकिंगच्या कामाला जाईल. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिथल्या तिथे शब्द दिला की गर्दी मी आणतो. (मला गर्दीत उभं राहायची सवय आहे, आणायची नाही, हे नंतर कळलं.)

पहिला प्रयोग व्हॉट्सअ‍ॅपवर केला. भजनी मंडळ, पाणीवाटप, सोयरे-धायरे, दूध डेअरी, सगळ्या ग्रुपांवर रोज पहाटे सुलतानचा फोटो आणि खाली साइटचा पत्ता. पहिले दोन-चार दिवस लोकांनी हात जोडले, कारण पहाटे आलेल्या कुठल्याही फोटोला आपल्याकडे हात जोडतात. मग भजनी मंडळाने मला ग्रुपमधून काढलं. पाणीवाटपवाल्यांनी काढलं नाही, पण माझी पाळी पुढे ढकलली. अक्षदा म्हणाली, आबा, लोकांना पत्ता नको असतो, त्यांना त्यांच्या कामाचं काहीतरी हवं असतं. ते मला तेव्हा पटलं नाही.

मग टोमॅटो. आपला माल नारायणगावच्या बाजारात जातो आणि तिथून कुठे कुठे जातो. मी म्हटलं, क्रेट फुकट फिरतातच, पत्ताही फिरू दे. तांबडा रंग आणून घरातल्या एकूण एक क्रेटवर पत्ता रंगवला, खाली माझा फोन नंबर. बाजारात क्रेटांची अदलाबदल होते हे तुम्ही जाणताच. माझे क्रेट गेले पार हिंदी मुलखात, आणि तिकडून एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याने साइट उघडली होती! मला काय आनंद झाला सांगू! पण त्याला टोमॅटो हवे होते आणि साइटवर नुसते बैल. बराच वेळ मी त्याला सुलतानच्या खुरांविषयी सांगत होतो आणि तो विचारत होता की माल कच्चा आहे का पिकलेला. शेवटी त्याने वैतागून बैलाचाच भाव विचारला. इकडे चिमाबाईला परक्यांचे रंगवलेले क्रेट परत करता करता शेजारणींची बोलणी खावी लागली, ती वेगळीच.

तिसरा प्रकार लग्नातला. आपल्याकडे मंगलाष्टकांआधी तासभर माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारून टोपी-टॉवेल-नारळ देतात. एवढी माणसं एका जागी आणि कान उघडे, यापरीस चांगली जागा कोणती? मी साइटचं नाव एका चिठ्ठीवर लिहून पुकारणाऱ्याच्या हातात सरकवलं. त्या बिचाऱ्याच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. त्याने एका दमात माजी सरपंच, डेअरीचे चेअरमन, नवरीचे मामा यांच्या रांगेत वाचलं, लोणी येथील प्रसिद्ध वेबसाइट यांनी सत्कारासाठी स्टेजवर यावं. कोणी उठेना. त्याने पुन्हा पुकारलं, कुठं असतील तिथून लवकर यावं, मुहूर्त जवळ आलाय. मी खाली मान घालून बसलो. शेवटी चिमाबाई उठली, ताठ मानेने स्टेजवर गेली, टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन खाली आली. टोपी मला दिली. नारळाची बर्फी केली. तेव्हापासून बायका तिला वेबसाइटवाल्या काकू म्हणतात, आणि खरं सांगतो, तिला ते आवडतं.

यानंतर अक्षदाने माझ्याकडून शपथ घेतली की आता कुठल्याही माइकजवळ जायचं नाही, आणि दशक्रियेला तर मुळीच तोंड उघडायचं नाही. कारण त्याच आठवड्यात सावळेराम तात्या गेले. भरल्या वयात, नातवंडं-पतवंडं बघून, जेवून हात धुता धुता गेले. तुम्ही गुडघ्यामुळे दशक्रियेला येऊ शकला नाहीत, म्हणून तिथे काय झालं ते माझ्याच तोंडून कळावं अशी माझी इच्छा आहे. इतरांनी काही सांगितलं असेल तर ते अर्धवट आहे.

बंधाऱ्यापाशी मोठी गर्दी होती. प्रवचन झालं, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या झाल्या, पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसलेले, पण एक खाली यायला तयार नाही. सगळे लोक डोळे वटारून त्यांच्याकडे बघत होते. मुलांनी हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार न्हाई. कावळे गप्प. नातवाचं लग्न याच वर्षी करू. गप्प. बांधाची भांडणं मिटवू, असं थोरल्याने धाकट्याकडे बघून सांगितलं, आणि ते ऐकून तर एक कावळा उडूनच गेला. पुढारी घड्याळं बघायला लागले. ऊन तापलं. आणि मग तात्यांच्या पत्नी बायडाबाई, त्या नव्वदीच्या घरातल्या म्हातारीने, काठी रोखून थेट माझ्याकडे बोट केलं.

"ह्या हौशीरामामुळं अडलंय! ह्याच्या त्या सायटीवर आमच्या भिंगऱ्याचं खोटं लिव्हलंय. आमचं मालक शेवटपत्तूर तेच म्हणत व्हतं."

धर्माजीराव, सगळी गर्दी माझ्याकडे वळली. कुठली साइट, काय लिवलंय, पत्ता सांगा राव, पत्ता! दोन महिने मी ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते लोक माझ्या अंगावर धावून येऊन मागत होते. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी शपथ आठवून अक्षदाकडे बघितलं. तिने डोळे मिटून मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला अजून कळलेलं नाही. मी पत्ता सांगितला. शेकडो माणसांनी मोबाईल काढले, माना खाली घातल्या आणि वाचायला लागली. भटजीसुद्धा. बंधाऱ्यावर अशी शांतता पसरली की पाणी वाहताना ऐकू येत होतं. त्या शांततेत मी तात्यांच्या फोटोकडे बघून माइकवर एक लहानशी दुरुस्ती कबूल केली. आणि त्याच वेळी ओरडा झाला, शिवला! शिवला! बायडाबाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं.

संध्याकाळपर्यंत साइट बसली, इतके लोक आले. अक्षदाने ती उठवून उभी केली. दुसऱ्या दिवसापासून जुन्नरपासून खेडपर्यंतचे बैलगाडामालक आपापल्या बैलांची भांडणं घेऊन साइटवर हजर. कुणाचं घड्याळ चुकलं, कुणाचा झेंडा उशिरा पडला, कुणाच्या गाड्यापुढे पळणारी घोडी आडवी आली. आम्ही एक पैसा घातला नाही. शेवटी मोहितशेठ स्वतः द्राक्षांची पेटी घेऊन घरी आले आणि अक्षदाला म्हणाले, ताई, आमच्या तंबूंवरबी अशी भांडणं लावता येतील का? काम पक्कं झालं. आणि गावच्या यात्रेपर्यंत ही गर्दी टिकली तर त्यांच्या दोन मित्रांचंही काम तिलाच मिळणार आहे. पोरगी आता लॅपटॉप उघडताना गाणं म्हणते. तिला तसं बघून मला किती हलकं वाटतं, हे मला नीट लिहिता येत नाही.

तर सगळं असं छान झालं आहे. गुडघ्याला जपा. विहीणबाईंच्या हातची शेंगोळी खाऊन फार दिवस झाले, बोलावलंत तर येईन. (हे तुम्ही पुढचं वाचल्यावरही तुमच्या मनात असेल, अशी आशा करतो.)

तुमचा,
हौशीराम

ता. क. ती लहानशी दुरुस्ती अशी की त्या सालचा घाटाचा राजा भिंगऱ्या. सुलतान दुसरा. मी स्वतः साइटवर तसं लिहिलं आहे. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर दिलेला शब्द, काय करणार? आणि बोलण्याच्या भरात तुमच्या टीव्हीशेजारची ती सुलतानच्या बक्षिसाची ढालही मी माइकवरून देऊन टाकली. बायडाबाई रविवारी ती न्यायला येत आहेत. म्हातारी माणूस आहे, दारातून परत पाठवू नका.

ता. क. दुसरा. पुण्यातल्या नातेवाइकांसाठी दशक्रियेचं शूटिंग केलं होतं. ते अक्षदाने काल सावकाश बघितलं आणि मला हाक मारली. पाव्हणं, कावळा माझ्या बोलण्याआधीच शिवला होता! सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले, वर बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा तो बिचारा निवांत उतरला आणि भात खाऊन गेला. त्यानंतर मी तोंड उघडलं. म्हणजे सुलतानचा पहिला नंबर देऊन टाकायची काही गरज नव्हती. हे तुम्हाला, मला आणि अक्षदालाच ठाऊक आहे. पण आता फिरवलं तर लोक म्हणतील सगळी साइटच खोटी, आणि गर्दी जाईल.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर यासाठीच. मी अक्षदाला म्हटलं, तुझ्या वडिलांना काय वाटेल? ती म्हणाली, "बाबांना विचारा. ते म्हनतील तर आत्ता बदलते, काम गेलं तरी चालंल." मग म्हणाली, "आबा, शर्यती बंद झाल्या म्हनून बाबांनी सुलतान इकला, असं सगळ्यांना वाटतं. मी कॉम्प्युटरच्या कॉलेजला गेले, माझी फी भरली, त्याच आठवड्यात दावण रिकामी झाली व्हती. मला तवाच कळलं व्हतं." तुम्ही हे तिला कधी सांगितलं नाहीत आणि तिने तुम्हाला कधी कळू दिलं नाही, म्हणून मी सांगतोय. तेव्हा निकाल तुमच्या हातात आहे, तुम्ही म्हणाल तसं करू. फक्त एक विनंती. तुम्हाला राग येणार आणि यायलाच हवा, पण तो फोनवर काढू नका. साइटवर सुलतानच्या फोटोखाली लिहायला जागा आहे, तिथे काढा. आणि एकदम काढू नका, रोज थोडा थोडा काढा. यात्रेपर्यंत पुरला पाहिजे.