आड्याच्या वळणावर

तीर्थरूप बाबा,

बरकतपुऱ्याहून केतकीचा घामेजलेला नमस्कार.

मी आणि मिलिंद मजेत आहोत. सायकल सुटलेली नाही, पण इथल्या रहदारीत ती काढत नाही, काळजी नसावी. घरातच मागचं चाक स्टँडवर चढवते आणि टीव्हीवर कुणा सायकलवाल्याने काढलेला आपल्याकडच्या रस्त्याचा व्हिडिओ लावते. हर्णै, आंजर्ल्याचा पूल, डावीकडे समुद्र, मग आड्याची चढण. खालचे चाचा रोज विचारतात, "क्या चलरा जी ऊपर?" मिलिंद म्हणतो, तासभर पाय मारून पोचतेस कुठे? त्याला काय सांगू!

आईचा खोकला थांबला का? सुपारी उतरवायला माणूस मिळाला का?

फोनवर तुम्ही म्हणता, रोज सायकलने पेपर आणायला जातो, चढणीवरही उतरत नाही. बाबा, तो व्हिडिओ मागच्याच महिन्यातला आहे. आपल्या घराच्या वळणावर तुम्ही दिसता. एका हातात काठी, दुसरा हात फाटकाला. मागे पडवीत तुमची सायकल, तिच्या चाकांत हवासुद्धा नाही.

आईला विचारलं, तर तिने विषय बदलला.

तिथे आले की मी पाय थांबवते. पण पडद्यावरचा रस्ता थांबत नाही, पुढेच जातो, आणि तुम्ही मागे राहता. आता त्या सायकलवर बसायला मन घेत नाही.

शनिवारी सकाळी येते आहे. काठी लपवू नका, फाटकाशीच उभे राहा. या खेपेला मी थांबणार आहे.

तुमची,
केतकी