तीन लांब बीप

मंगळवार, ४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. दुकान बरं चाललंय. मांजरही मजेत आहे, तुझ्या खुर्चीवर आता हक्कानं झोपतं. तूही बरी असशील असं धरून चालते. तीन वर्षांत तसं सांगणारं कोणी भेटलं नाही.

पत्र बघून दचकू नकोस. कोणाला काही झालेलं नाही. झालंय ते कॉम्प्युटरला. तू जुळवून दिलेला तो डबा परवा सकाळपासून सुरू होत नाही. बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो, पंखा फिरतो, आत काहीतरी बीप बीप करतं आणि पडदा काळा तो काळाच. मग सगळं गप्प. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच.

मला आधी गंमत वाटली, खरं सांगते. पन्नास वर्षं शिलाई मशिनं उघडतेय, त्यातली एकेक मला शेजारणीसारखी ओळखीची झाली. बऱ्याच दिवसांनी असं काही समोर आलं की ज्याचं दुखणं मला कळत नाही. पहिला दिवस मी नुसती बटण दाबून ऐकत बसले. बाबा म्हणायचे ना, आधी ऐक, मग उघड.

मग उघडलं. बाबांच्याच पद्धतीनं: जे दिसतं ते आधी कागदावर काढायचं आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्या चित्रावर त्याच्या जागी ठेवायचा. ते चित्र सोबत पाठवतेय. डावीकडे जो मोठा चौकोन आहे तो पंखा. उजवीकडे दोन पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, त्या कशाच्या ते मला माहीत नाही. मध्ये रुपयाएवढी एक बटणासारखी बॅटरी आहे, ती बघून मला हसू आलं. एवढ्या मोठ्या शहाण्या यंत्राला घड्याळाची बॅटरी! ती कशाला गं लागते?

वायर बघितली. भिंतीतला दुसरा सॉकेट बघितला. पडद्याची केबल काढून परत लावली. धूळ तर एवढी निघाली की मांजराचं भावंड तयार झालं असतं. एवढं करूनही फरक नाही.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडेही नेला होता. त्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही. म्हणाला, "काकू, जुना आहे. डिस्क कोरी करून सगळं नवं टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा." मी म्हटलं, कोरी म्हणजे? तर म्हणाला, "कोरी म्हणजे कोरी." मी डबा उचलला आणि काखेत मारून परत आणला. त्यात दोनशे मशिनांची चित्रं आहेत, बाबांनी काढलेली, तू स्कॅन केलेली. ती गेली तर जुन्या मशिनांचे भाग मी कसे ओळखू?

म्हणून तुला विचारतेय. अडला हरी म्हण हवं तर. गाढव मात्र मी तुला म्हटलेलं नाही. फोन केला असता, पण तू उचलला नसतास तर मला वाईट वाटलं असतं आणि उचलला असतास तर बोलता आलं नसतं. चार ओळी लिही, पुरे.

अक्षर जरा मोठं आलंय. हसू नकोस. खिडकीशी उजेड कमी आहे.

तुझी,
ताई


रविवार, १६ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड शुक्रवारी आलं. ना प्रिय, ना ताई, ना सही. "बीप किती? लांब की आखूड? मोजून कळव." संपलं. टपालवाला मला म्हणाला, "तुमचं पाकीट एवढं जाड गेलं होतं, उत्तर एवढंच?" आपल्या घराण्यात सुंभ जळतो, पीळ जळत नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार. तरी कार्ड मी चार वेळा वाचलं. तुझा 'ळ' अजून शाळेतल्यासारखाच वाकडा आहे.

मोजले. तीन. लांब. मग श्वास घेतल्यासारखं थांबतं आणि पुन्हा तीन लांब. दहा वेळा मोजले, दहाही वेळा तीन. मला हे फार आवडलं बाई. शिलाई मशीन बिघडलं की नुसतं खडखडतं, त्यावरून आपण ओळखायचं. हा डबा मात्र स्वतःहून सांगतो की मला इथे दुखतंय, आणि मोजूनमापून सांगतो. असं सांगता येणं ही किती मोठी सोय आहे! माणसांत ठेवायला हवी होती.

आता एक कबुली. पंखा महिनाभर कुरकुरत होता. मी त्याला तेल घातलं. आपलं मशीनचं, पातळ, उत्तम प्रतीचं. दोनच थेंब. म्हणजे आधी दोन, मग बरं वाटेना म्हणून आणखी तीन. कुरकुर थांबली, मी खूश झाले आणि पंधरा दिवसांत डबा बंद. आता नीट बघितलं तर पंख्यानं ते तेल चौफेर शिंपडलंय, त्या दोन पट्ट्यांवरसुद्धा, आणि त्यावर धूळ बसून काळं लोणी झालंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसरी कबुली जरा अवघड आहे. चित्रांचं मी तुला खोटं सांगितलं. म्हणजे चित्रं आत आहेत हे खरं, पण कागदावरची सगळी कपाटात आहेत, एकही हरवलेलं नाही. चित्रांसाठी मी डबा काखेत मारून पळाले नव्हते.

तू गेलीस त्या सकाळी मी पुढे दुकानात बसले होते. एक मशीन उघडलं होतं. त्याला काही झालेलं नव्हतं, उगाच उघडलं होतं. मागच्या खोलीतून कीबोर्डचा आवाज येत होता. बराच वेळ. मग तुझ्या बॅगेचं चाक उंबऱ्यावर आपटलं आणि तू गेलीस. दुपारी मी कॉम्प्युटर लावला तर पडद्याच्या कोपऱ्यात एक नवीन फाइल. नाव, 'ताईसाठी'.

मी ती उघडली नाही. तीन वर्षं रोज कॉम्प्युटर लावते, रोज ती दिसते, आणि मी तिच्या बाजूनं जाते, उसनवारी थकलेल्या घरासमोरून जावं तशी. लहानपणी रेडिओ उघडला, बाबांचं घड्याळ उघडलं, तुझी बोलकी बाहुली उघडून तिचा आवाज घालवला. हाती आलेली एकही वस्तू मी न उघडता सोडली नाही. ही एकच. आत काय असेल ते मला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. जे तू तोंडावर बोललीस तेच, सावकाश बसून, नीट लिहिलेलं.

आणि त्या दुरुस्तीवाल्यानं 'कोरी' म्हटलं तेव्हा मी आधी डबा उचलला. तेव्हा कळलं की मला ती वाचायची आहे. कितीही वाईट असली तरी.

तर सांग, तीन लांब म्हणजे काय? तेलकट पट्ट्या काढायला त्यांच्या टोकांच्या बारीक खटक्यांशी झटापट करतेय, पण ते मला एकाचे दोन दिसतात. सावकाश करीन.

तुझी,
ताई


शुक्रवार, २८ मार्च

प्रिय सुई,

बाबांनी ठेवलेल्या नावानं हाक मारतेय, चालेल ना? तुझ्या दुसऱ्या कार्डावर खाली 'सु' एवढं एकच अक्षर होतं. मी ते तशी परवानगी समजले.

कार्डाच्या वरच्या बाजूला लिहिलंस, "तीन वर्षं उघडलीच नाहीस?" आणि ते प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलंयस की मागच्या बाजूनं हाताला लागतं. त्याखाली एकदम कामाचं: मेमरीच्या पट्ट्या आहेत त्या, दोन्ही काढ, सोनेरी कडा साध्या खोडरबरनं पुस, खाचेतलं तेल कोरड्या ब्रशनं काढ, एका वेळी एकच पट्टी बसव, दोन्ही बाजूंनी 'टक' ऐकू येईपर्यंत दाब.

केलं सगळं. पुसताना मजा वाटली. यंत्राची आठवण साफ करायला शाळेतलं खोडरबर! पहिल्या पट्टीला तीन बीप. दुसऱ्या खाचेत तीच पट्टी घातली, पुन्हा तीन बीप. मग दुसरी पट्टी घेतली. नीट दिसत नव्हतं म्हणून डोळे मिटून बोटांनीच खाच शोधली. टक. टक. बटण दाबलं. एकच बीप, आखूड. आणि पडदा उजळला! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मांजर घाबरून कपाटावर चढलं.

तारीख मात्र वीस वर्षांपूर्वीची दाखवतोय. त्या घड्याळाच्या बॅटरीचं काम आता कळलं. ती संपली की यंत्राला आजचा दिवस आठवत नाही. मी तारीख लगेच दुरुस्त केली नाही. त्या तारखेला बाबा पुढे दुकानात बसलेले होते.

फाइल कोपऱ्यात आहे. अजून उघडलेली नाही. आधी हे लिहिते, म्हणजे आत काय आहे ते वाचून मला माझं म्हणणं बदलता येणार नाही.

बाबांचा खोकला साधा नव्हता, सुई. तुला फोनवर साधा म्हणून सांगितलं, तेव्हाच मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले होते, घरच्यांना बोलावून घ्या. मी म्हटलं, मी आहे ना घरची. मला वाटलं औषधं वेळेवर दिली, वाफ दिली, रात्रंदिवस जागले तर होईल सगळं ठीक. आजवर काय ठीक झालं नव्हतं माझ्या हातून? तीन दिवस संध्याकाळी ते विचारत होते, "सुई कधी येतेय?" तिन्ही दिवस मी म्हटलं, "निघालीय." तुला ये म्हणून मी फोनसुद्धा केलेला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले आणि तू दुसऱ्या दिवशी पोचलीस.

बाबांनीच कळवू नको म्हटलं होतं, असं मी तेव्हा तुला सांगितलं. ते खोटं. ते तुझी वाट बघत होते. तू म्हणालीस, "ताई, तुला सगळं एकटीनंच दुरुस्त करायचं असतं." मी भांडले. खरं होतं म्हणून भांडले. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण मला माफ कर.

आता उघडते.

उघडली.

सुई, तू म्हणजे अगदी कमाल आहेस. शिकलेली माणसं अशी असतात का सगळी? डबा बंद पडला तर काय करायचं, ते तू डब्यातच लिहून ठेवलंस! डबा बंद पडल्यावर मी ते वाचणार कसं? मी आधी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना.

तुला आठवतही नसेल, म्हणून इथे उतरवते.

"बॉबिन, हा डबा कधी ना कधी बंद पडेलच. तेव्हा: १. कुठेही तेल घालू नकोस. २. वायर भिंतीत नीट बसलीय का बघ. ३. बीप मोज. तीन लांब म्हणजे मेमरी, पट्टी काढून पुसून बसव. ४. कोणी डिस्क कोरी करतो म्हणाला तर डबा त्याच्या हातात देऊ नकोस. ५. हे वाचल्यावर आजच छापून कपाटाच्या दाराला चिकटव. ६. एवढं करून झालं नाही तर मला कळव. या वेळी वेळेवर कळव. मी रागावलेली असले तरी येईन."

पाचव्या ओळीशी मी थांबले. म्हणजे मी त्याच दिवशी वाचीन असं तू धरून चालली होतीस. वाचून मी गप्प बसले, असं समजून तू तीन वर्षं काढलीस. आणि मी शिव्या समजून त्या पानाला वळसा घालत राहिले. पहिल्याच ओळीत तेलाचं लिहिलंस! एवढी ओळखतेस मला, आणि तरी तू मला बाबांनी ठेवलेल्या नावानं बॉबिन म्हटलंस, त्या दिवशीसुद्धा.

पान छापलं. कपाटाच्या दाराला चिकटवलं. तीन वर्षं उशिरा.

डबा आता चालतोय, म्हणजे सहाव्या ओळीची गरज नाही असं मी म्हणू शकते. म्हटलंही असतं. पण एक गोष्ट मी तुला तीन पत्रांत सांगायची टाळली आहे. खिडकीशी उजेड कमी नाही. माझा उजवा डोळा गेलं वर्षभर धूसर होत चाललाय. एप्रिलच्या नऊ तारखेला, बुधवारी सकाळी आठ वाजता ऑपरेशन आहे. मी एकटीच जाणार होते. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. डॉक्टर म्हणतात, फार मोठं नाही. पण बाबांचंही फार मोठं नाही असं मीच तुला सांगितलं होतं, तेव्हा या वेळी मोठं की लहान ते मी ठरवत नाही. तू येऊन ठरव.

आज अठ्ठावीस आहे. बारा दिवस आहेत. वेळेवर कळवलंय.

वाट बघतेय,
बॉबिन